चार्टवरचे अठरा श्वास

अक्का, सोमवारी सकाळी दहाच्या आत मला हो किंवा नाही कळवायचं आहे. आज शनिवार. तू गेलीस त्याला सोळा दिवस झाले, आणि गेले दहा दिवस मी ते नोकरीचं पत्र फोनवर इतक्यांदा उघडलंय की आता न बघता म्हणून दाखवीन. एरवी असं काही झालं की ड्युटी संपल्यावर मी तुझ्या टेबलाशी येऊन उभी राहायचे. तू चष्मा कपाळावर ढकलायचीस आणि म्हणायचीस, "बोल की, आता काय घोटाळा करून ठेवलास?" या वेळचा घोटाळा मोठा आहे आणि ऐकायला तू नाहीस.

इथे मी तुला 'तू'च म्हणणार. वॉर्डात नऊ वर्षं 'तुम्ही' म्हणाले, कारण तू इन्चार्ज आणि मी तुझ्या हाताखालची स्टाफ नर्स. पण गेटच्या बाहेर पाऊल पडलं की 'तू', हा नियम तुझाच. "अक्का पण म्हणतेस आणि तुम्ही पण म्हणतेस, मी तुझी बहीण की सासू?" असं तू पहिल्याच महिन्यात बसस्टॉपवर विचारलं होतंस. या कन्नड मुलखात, अख्ख्या वॉर्डात घरी मराठी बोलणाऱ्या आपण दोघीच. आमचं घर रंगाऱ्यांचं, माझे आजोबा लुगडी रंगवायचे, तुझे वडील शाळामास्तर. त्यामुळे माझ्या मराठीत दर तिसरा शब्द कन्नड निघाला की तू गणितात चूक सापडल्यासारखी बघायचीस. आज जे लिहितेय ते तू वाचायला दिलेल्या दिवाळी अंकांच्या जिवावर. चुका असतील तर सांभाळून घे.

माझा पहिला आठवडा आठवतो? सकाळच्या चार्टवर मी अठरा पेशंटांचं टेम्परेचर, नाडी, बीपी लिहिलं आणि श्वासाच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत एकच आकडा ओढला, धडधाकट माणसाचा, अठरा. सगळेच तसं लिहितात. टेम्परेचरला थर्मामीटर असतो, बीपीला मशीन, श्वासाला फक्त घड्याळ आणि एक मिनिट लागतं, आणि मिनिटच कुणाकडे नसतं. तू चार्ट हातात घेऊन वॉर्डाच्या मधोमध उभी राहिलीस आणि मोठ्याने विचारलंस, "काय हो, सगळ्यांनी मिळून एका तालात श्वास घ्यायचं ठरवलंय का?" पेशंटांना कळलं नाही. मला मात्र जमीन फाटेल तर बरं असं झालं.

मग तू मला शिकवलंस. पेशंटचं मनगट धरायचं, नाडी मोजून झाली तरी सोडायचं नाही, तसंच धरून ठेवायचं आणि गुपचूप छातीकडे बघत पूर्ण मिनिटभर श्वास मोजायचे. "नोडु, बघ हं, त्याला सांगायचं नाही. सांगितलं की तो मुद्दाम नीट श्वास घेतो. आपलं दुखणं नर्सपासून लपवायला माणूस फार हुशार असतो." हे तू बोललीस तेव्हा मी मान डोलावली होती. हे वाक्य पुढे माझ्या मानगुटीवर बसणार आहे हे तेव्हा कुणाला माहीत होतं.

खरं सांगू, मला नर्सिंग आवडतं की तू आवडायचीस, हे मला अजून कळलेलं नाही. हे नऊ वर्षांत मी स्वतःला विचारलंच नव्हतं. एखाद्या आजोबांची जखम भरत आली की तू मला हाक मारून दाखवायचीस, जशी दुसरी कुणी बाई आपल्या बागेतली जास्वंद दाखवील. मला त्या जखमेचा आनंद व्हायचा की तू मला बोलावलंस याचा? आता तू नाहीस आणि जखमा अजून भरतायत, तर मी त्यांच्याकडे नुसती बघते. मला याची भीती वाटते.

पगाराची गोष्ट तर आपण कायम टाळली. म्हणजे तू टाळलीस. मी दर दिवाळीला कुरकुर करायचे आणि तू म्हणायचीस, "आय्तु, झालं बोलून? आता सात नंबरचं ड्रेसिंग कर." मग त्या दिवशी तुझा चष्मा घरी राहिला आणि पगाराचा मेसेज वाचायला तू फोन माझ्या हातात दिलास. मी आकडा वाचला, परत वाचला. मला वाटलं एक शून्य माझ्याकडून राहिलं. एकतीस वर्षं, वॉर्डची इन्चार्ज, आणि माझ्यापेक्षा थोडासाच जास्त. तू फोन परत घेतलास आणि म्हणालीस, "तोंड बंद कर, माशी जाईल." तू हसत होतीस. त्या दिवसापासून माझी झोप गेली. मला माझी पुढची बावीस वर्षं दिसली ना, अक्का.

त्याच आठवड्यात मी येलवालच्या रस्त्यावरच्या त्या कंपनीत अर्ज केला. परदेशातल्या हॉस्पिटलांचे कागद वाचायचे आणि प्रत्येक आजाराला, प्रत्येक इलाजाला ठरलेला नंबर द्यायचा. विम्यासाठी लागतो. नर्स असलं की त्यांना बरं, कागद कळतात. बसून काम, रविवारी सुट्टी, रात्रपाळी नाही, पगार जवळजवळ दुप्पट. आई म्हणाली, "पाय तरी सुजायचे नाहीत." बाबांनी दुसऱ्या दिवशी मला बसमध्ये लॅपटॉपची बॅग घेतलेल्या पोरी दाखवल्या.

तुला मी सरळ सांगायला हवं होतं. त्याऐवजी भांडण उकरून काढलं. एक नर्स अचानक सोडून गेली होती, तू म्हणालीस, "सगळ्या अशा निघून गेल्या तर वॉर्ड कोण बघेल?" आणि मी, ड्रेसिंगचा ट्रे हातात, आयाबाईंच्या देखत म्हणाले, "तुम्ही एकतीस वर्षं बघितलात ना, काय मिळालं? दुखरे गुडघे आणि एक टेबल." तू काही बोलली नाहीस. ट्रेमधला कापूस सरळ केलास आणि गेलीस. त्यानंतर आठ दिवस आपण कामापुरतं बोललो. मी रोज ठरवायचे की आज गेटबाहेर तुला गाठून माफी मागायची. रोज तू आधीच निघून गेलेली असायचीस, किंवा मीच मुद्दाम उशिरा निघायचे.

मग तुझं पित्ताशयाचं ऑपरेशन. मंगळवारी झालं, आणि तू आपल्याच वॉर्डात अकरा नंबरला येऊन पडलीस. पडूनही गप्प बसशील तर शपथ. "बारा नंबरचं सलाईन संपत आलं." "त्या पोरीच्या आईला कुणीतरी खुर्ची द्या." गुरुवारी सकाळी मी तुझी सलाईनची सुई तपासायला आले तेव्हा माझ्या खांद्याला पिशवी होती आणि पिशवीतून इस्त्री केलेला कुर्ता डोकावत होता. मी सगळ्यांना सांगितलं होतं की दुपारी आईचे डोळे तपासायला न्यायचे आहेत. वर आयाबाईंना विचारलंही होतं, येलवालकडे जाणारी दोननंतरची बस किती वाजता.

"आईचे डोळे येलवालला राहायला कधी गेले?" तू विचारलंस. "आणि त्यांना इस्त्रीचा ड्रेस लागतो होय?"

मी हसले नाही. मला वाटलं तू टोमणा मारलास. भांडणानंतरचं ते तुझं पहिलं नेहमीसारखं बोलणं होतं, आणि मी सुईवरची पट्टी नीट करून पुढे गेले.

आता जे लिहायचं आहे ते सोळा दिवसांत कुणाला सांगितलेलं नाही. दुपारी पावणेदोन वाजता मी चार्ट घेऊन निघाले. मी एकटी आणि अठरा पेशंट, दोनला ड्युटी संपणार, दोन दहाची बस. ऑक्सिजन बघायचं बोटाचं मशीन एक बिघडलेलं, दुसरं आयसीयूवाल्यांनी नेलेलं. अकरा नंबरला आले. तू भिंतीला उशी लावून बसली होतीस, तोंड घट्ट मिटून. मी विचारलं, "दुखतंय का?" तू मान हलवलीस, नाही. "जेवलात?" परत मान. बीपी बरं होतं, नाडी जरा जास्त होती, मशीनने दाखवली तशी लिहिली. मग मी तुझं मनगट धरलं. खरंच धरलं होतं, अक्का. मोजायला सुरुवातही केली असती. पण तू हात सोडवून घेतलास आणि एवढंच म्हणालीस, "जा."

मला वाटलं तू रागावलीस. तुझ्यासारखी बोलकी बाई एका शब्दावर आली, तर नऊ वर्षं नर्स असलेल्या माणसाच्या डोक्यात पहिलं काय यायला हवं? ज्याला धाप लागते तो वाक्य पुरं करू शकत नाही, हे मी शिकाऊ मुलींना सांगते. परीक्षेत विचारतात. आणि मी काय समजले, तर अक्का अजून फुगून बसलीय. मीही मनात म्हटलं, बरं, बस फुगून. श्वासाच्या रकान्यात अठरा लिहिले, खाली सही केली, आणि दोन वाजून पाच मिनिटांनी बसस्टॉपवर होते.

इंटरव्ह्यू चांगला झाला. हे लिहायचीही लाज वाटते, पण झाला. तिथे आत जाताना फोन लॉकरमध्ये ठेवावा लागतो, पेशंटांची माहिती बाहेर जाऊ नये म्हणून. मला एका परक्या देशातल्या बाईचे चार दिवसांचे कागद वाचायला दिले. श्वासाच्या रकान्यात चारही दिवस, सकाळ दुपार संध्याकाळ, अठरा. मी समोरच्या मुलीला म्हणाले, हे मोजलेले वाटत नाहीत. ती गोड हसून म्हणाली, "मॅम, आपलं काम ते नाही. लिहिलंय म्हणजे झालंय, असंच धरायचं." मी पण हसले. साडेपाचला लॉकरमधून फोन काढला तर तो हातातच वाजायला लागला. तू पाच वाजता गेली होतीस. पायातली रक्ताची गाठ फुप्फुसात गेली, असं म्हणाले.

अस्थी सोडायला तुझी लेक प्रिया आणि भाऊजी टी. नरसीपूरला संगमावर गेले तेव्हा मीही होते. मागे उभी होते. प्रियाने पाण्यात हात घातला आणि मी तिच्या पाठीकडे बघत होते, ती श्वास कसा घेतेय ते. सध्या मी सगळ्यांचे मोजते. बसमध्ये शेजारच्या बाईचे, जेवताना बाबांचे, आई झोपली की तिचे. बाबांनी परवा विचारलं, "काय बघत्येस गं एवढं?" मी म्हणाले, काही नाही.

डॉक्टरांना विचारायची हिंमत होत नाही. काय विचारणार? मी मोजलं असतं आणि तीस भरले असते, आणि तेव्हाच तुम्हाला फोन केला असता, तर? हे विचारायचं म्हणजे आधी कबूल करायचं. मेट्रन मॅडमनी तर गेल्या आठवड्यात मला केबिनमध्ये बोलावून तुझी जागा देऊ केली. "वैशाली, अक्कांनी तुलाच तयार केलंय, तूच इन्चार्ज हो." पगार थोडा वाढेल, असंही म्हणाल्या, आणि किती थोडा ते मला आधीच माहीत आहे. मी विचार करून सांगते म्हणाले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले. मला ज्या टेबलावरून टोचून बोलायचं सुचलं, तेच टेबल मला. त्यावर बसून मी नव्या मुलींना विचारणार, सगळ्यांनी एका तालात श्वास घ्यायचं ठरवलंय का? कुठल्या तोंडाने?

म्हणून मग वाटतं, निघून जावं. आणि लगेच वाटतं, हे जाणं पगारासाठी आहे की पळणं आहे? अठरा पेशंटांमागे एक नर्स ठेवणाऱ्यांचा मला राग येतो, तो खराच आहे. पण त्या रागाआड मी लपते, तेही खरं आहे. बाकी सतरा पेशंट होते, बस होती, मशीन नव्हतं. सगळं होतं. एक मिनिटही होतं, अक्का. बसस्टॉपवर मी पाच मिनिटं उभी होते.

आज रविवार. काल इथवर लिहून ठेवलं होतं. वाटलं होतं आज ठरवून मोकळी होईन, पण दुपारी तुझ्या लॉकरमधलं सामान द्यायला बोगादीला तुमच्या घरी जाऊन आले आणि सगळंच उलटंपालटं झालं.

सामान म्हणजे काय, जुन्या चपला, कंगवा, लिंबाच्या लोणच्याची बरणी आणि एकवीस पेनं. वॉर्डात कुणाचंही पेन हरवलं की तू डॉक्टरांवर संशय घ्यायचीस! भाऊजी पेनं बघून हसले आणि मग उठून आत गेले. प्रियाने मला कॉफी दिली. तिचं मराठी तुला माहीत आहे, अर्धं कन्नड, अर्धं इंग्लिश. ती म्हणाली, "वैशालीअक्का, मला एक सांगायचंय. कुणाला सांगितलं नाही. अप्पांना पण नाही."

मी कप खाली ठेवला.

"त्या दिवशी दीडच्या पुढे मी अम्माला फोन केला. ती नीट बोलतच नव्हती. उसिर, म्हणजे ब्रेथ, ते पुरत नव्हतं तिला. एक शब्द, मग गप्प. मी म्हटलं, अम्मा, बेल मार, सिस्टरला बोलव. ती म्हणाली, आत्ता नको."

"का?"

"थांबत थांबत म्हणाली, वैशालीचा इंटरव्ह्यू आहे. आत्ता बोलावलं तर ती जायची नाही. तिची बस जाऊ दे, मग मारते बेल." प्रियाने पदर नव्हता म्हणून टीशर्टच्या बाहीने डोळे पुसले. "मी तरी स्टाफला फोन करायचा ना? मी बेंगळूरूत ऑफिसात बसून होते, फोन हातात होता. अम्मा नको म्हणाली म्हणून केला नाही. सुम्ने, गप्प बसले."

तू दोन दहाला बेल वाजवलीस, हे मला दुपारपाळीच्या मुलीने सांगितलं होतं. बरोबर दोन दहाला. मी त्या वेळेचा विचारच केला नव्हता.

प्रिया माझ्याकडे बघत होती. तिला मी म्हणायला हवं होतं की पोरी, तुझा काही दोष नाही. ते म्हणण्याआधी मी बाकीचं सांगितलं. तुझं मनगट, तू सोडवून घेतलेला हात, न मोजता लिहिलेले अठरा, माझी सही. तिने सगळं ऐकलं. मला वाटलं ती ओरडेल, मग वाटलं ती मला जवळ घेईल. तिने दोन्हीतलं काहीच केलं नाही. कपबशी उचलली, ओट्यावर नेऊन ठेवली, आणि पाठमोरीच म्हणाली, "वैशालीअक्का, आज तुम्ही घरी जा. मी नंतर फोन करते." फाटकापर्यंत सोडायला आली नाही. मी तिला दोष देत नाही.

अक्का, तुझ्यावर रागवू का? मला विचारायचं तरी होतंस! मी गेले नसते, हे तुला बरोबर माहीत होतं. एक इंटरव्ह्यू बुडाला असता, दुसरा मिळाला असता. एकतीस वर्षं जी बाई दुसऱ्यांचे लपवलेले श्वास पकडत होती, तिने स्वतःचा लपवायला मीच सापडले? आणि भांडणात तू माझ्यापुढे गप्प राहिलीस ती रागाने नव्हे, हे मला आज कळतंय. मी बरोबर बोलले होते म्हणून तू गप्प होतीस. मी जावं असं तुला वाटत होतं, आणि वॉर्डात उभं राहून इन्चार्जला ते म्हणता येत नव्हतं.

असं मी समजते. खरं काय ते मला कधीच कळणार नाही, आणि हे न कळणं आता माझ्याबरोबर जन्मभर राहणार.

उद्या नऊ वाजता मेट्रन मॅडमकडे जाणार आहे. चार्टवरचं ते अठरा खोटं आहे, हे त्यांना सांगणार आणि लिहूनही देणार. इन्चार्जची जागा नको म्हणणार. दुपारी एका नर्सवर अठरा पेशंट टाकू नका, हेही त्याच कागदावर लिहिणार. त्या चिडल्या तर मला अनुभवाचा दाखला मिळणार नाही, आणि दाखल्याशिवाय कंपनी मला घेणार नाही. आईला हे सांगितलं तर ती कपाळावर हात मारेल. आधी दाखला घ्यायचा, नोकरी पक्की करायची आणि मग सावकाश कबूल करायचं, किंवा करायचंच नाही, हे जास्त सोपं आहे. ते मला सुचलं नाही असं समजू नकोस. दिवसभर तेच सुचतंय.

पण नऊला ते, आणि दहाला कंपनीला हो. याच क्रमाने. नाही म्हटलं तर तू ती पंचवीस मिनिटं कशासाठी धाप दाबून बसलीस? आणि न सांगता गेले, तर पूर्ण मिनिटभर मोजायला मला शिकवलंस ते कुणासाठी?